हौदातला समुद्र

पिंपळगाव बसवंत
१५ नोव्हेंबर १९९८

चि. पल्लवीस आईचा सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद.

गोव्याला समुद्राच्या संशोधनासाठी तुझी निवड झाली, म्हणून मी गल्लीभर पेढे वाटले. तुझे बाबा मात्र फुगून बसलेत. इथल्या शाळेत तुझ्यासाठी बाईंची जागा बोलून ठेवलीय, दोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या शेवाळापायी पोरगी लांब कशाला धाडायची, म्हणतात.

त्यात शेवाळावर त्यांचा लय राग. बोअरच्या पाण्याचा हौद हिरवागार झाला, म्हणून द्राक्षबागेवर फवारायच्या मोरचुदाची पुडी त्यांनी हौदात ओतली. शेवाळ मेलं, पण ठिबकच्या नळ्या तांबड्या गाळानं तुंबल्या. बाग ऐन फुलोऱ्यात, पाणी पोचत नाय, आणि राग माझ्यावर! तुझ्या पुस्तकात काही उपाय असला तर कळव.

पोटाला नीट खात जा.
तुझी आई, लताबाई


पुणे
२१ नोव्हेंबर १९९८

ती. आईस सप्रेम जयभीम.

अगं, मला हसू आवरेना! बाबांनी मारलं तेच शेवाळ त्यांचं पाणी गाळून देत होतं. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, त्यानं ते लोखंड लवकर गंजून हौदाच्या तळाशी बसायचं. आता ते नळीत जाऊन गंजतंय.

जुन्या समुद्राचं असंच झालं होतं. पाण्यात लोखंडच लोखंड आणि प्राणवायू जवळपास नाहीच. मग शेवाळासारख्या इवल्या इवल्या जिवांनी तो सोडायला सुरुवात केली. कोट्यवधी वर्षं लोखंड तो गिळत राहिलं आणि थराथरांनी तळाशी बसलं. तुझ्या तव्यातलं लोखंड बहुधा त्याच थरांतलं! लोखंड सरलं, तसा प्राणवायू पाण्यात साठला, हवेत आला. कितीतरी जुन्या जिवांना तो विष ठरला. ज्यांनी पचवला, त्यांच्याच वंशात तू, मी आणि रागावलेले बाबा.

जिवांनी समुद्र बदलला आणि बदललेल्या समुद्रानं जीव. हे कसकसं घडलं ते मला शोधायचंय, आई. मला जायचंच आहे गं. पंधरा डिसेंबरपर्यंत होकार कळवायचाय.

बाबांना सांग, नळ्या धुवा, शेवाळ परत येऊ द्या आणि पाणी हौदाच्या वरच्या अंगानं घ्या.

तुमच्या रागालोभाची धनीण,
पल्लवी


पिंपळगाव
३ डिसेंबर १९९८

चि. पल्लवीस जयभीम आणि एक पापा.

तुझं पत्र मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. शेजारची मंगलाबाईसुद्धा आता लोखंडावर बोलते! बाबा लगेच नळ्या धुवायला गेले. हौद पुन्हा हिरवा व्हायला लागलाय. पण गोव्याचं नाव काढलं, की सहा तारखेला दादरला जायची पिशवी भरत बसतात. शिका म्हणून साऱ्या वस्तीला सांगणारे तुम्हीच ना, असं मी त्यांना ऐकवलंय.

धीर धर.
आई


पिंपळगाव
८ डिसेंबर १९९८

चि. पल्लवीस बाबांचा जयभीम.

पाणी शेवटच्या वेलापर्यंत पोचलं. मोरचूद हौदात टाकणारा शहाणा मीच, हे तुझी आई आता जन्मभर ऐकवणार.

परवा सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो होतो. दरवर्षी रांगेत उभा राहतो, दर्शन घेतो आणि गर्दीतून माघारी फिरतो. समुद्र शेजारीच असतो, पण त्याच्याकडं कधी धड बघितलं नव्हतं. यंदा वाळूत उतरलो, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उभा राहिलो. तुझ्या पत्रातलं सगळं आठवत होतं. मला फार आनंद झाला, पोरी. एवढं मोठं काहीतरी माझ्या लेकीला कळतंय, आणि मी तिला अडवत होतो.

आज शाळेत जाऊन सांगून आलो, की ती जागा दुसऱ्या कोणाला द्या, आमची पल्लवी समुद्राकडं निघालीय.

लोभ आहेच, राग तेवढा सरला.
तुझा बाबा, भिमाजी