गळलेली मात्रा

दि. ८ जानेवारी

चि. अनुस्वार हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की तुझा दादा ग्रंथकार झाला. हसू नकोस. बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांतलं संस्कृत सुधारल्यावर माणसाने एखादं स्वतःचं व्याकरण काढलं तर तो काही गुन्हा नाही. पुस्तक लहानच आहे, नवशिक्यांसाठी. मुखपृष्ठावर ऐटीत संस्कृतातून 'लेखकः' आणि त्याखाली माझं नाव. तुझ्या वहिनीने ते पहिल्याच दिवशी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवून पाहिलं आणि थोडं पातळ पडतं असा अभिप्राय दिला. आजवरचा हाच एक निःपक्षपाती.

शाळेने सत्कार केला. मुख्याध्यापक मला चालताबोलता शब्दकोश म्हणाले. मी व्यासपीठाच्या तीन पायऱ्या कशा चढलो ते पाहिलेल्यांना त्यातलं 'चालता' पटलं नसावं. त्यांना सर्वांत आवडली ती उदाहरणांची वाक्यं. म्हणाले, व्याकरणाच्या पुस्तकात नेहमी राजा असतो, वन असतं, ऋषी असतो. इथे पहिल्यांदाच एक घर दिसलं. टाळ्या बराच वेळ वाजल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

परवा नव्या पुस्तकाचा वास घेतला आणि बाबा आठवले. छापखान्यातून खिळे जुळवून आले की त्यांच्या बोटांना असाच वास असायचा. तुला शनिवार आठवतात का गं? संध्याकाळची जेवणं झाली की ते स्वतः टेबल पुसायचे, चष्मा लावायचे आणि म्हणायचे, उद्या देवापुढे बसायचं आहे, तेव्हा आधी शुद्धिपत्र काढू. मग आपण चौघं आपापल्या आठवड्याच्या चुका छापखान्याच्या भाषेत सांगायचो. माझी एक अजून तोंडपाठ आहे: मंगळवार, ओळ पहिली, 'पोट दुखतंय' याऐवजी 'गृहपाठ केला नाही' असे वाचावे. बाबाही सुटायचे नाहीत: बुधवार, 'मालक गाढव आहे' याऐवजी 'मालकाचं म्हणणं मला पटलं नाही' असे वाचावे. आईची चूक दर आठवड्याला एकच, की तिने बाबांच्या चुका मोजल्या. आणि आपण 'पण त्याचं काय झालं' असं सुरू केलं की बाबा बोट वर करायचे. शुद्धिपत्रात कारणं छापत नाहीत.

तुझी प्रत पाठवतोच. जाड कागद मिळाला की बांधतो. वहिनीचा गुडघा कुरकुरतो आहे आणि वहिनी त्याला साथ देते आहे. तुझ्या इस्पितळाच्या चादरी काय म्हणतात?

लोभ जुना झाला आहे, पण टाकाऊ नाही. वापरात ठेव.

तुझा
दादा


दि. १९ जानेवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. पन्नाशीला टेकलेल्या बाईला अनुस्वार म्हणणारा आता तू एकटाच उरलास. बाबांच्या खांद्यावर चढून बसायचे, ओळीच्या वर, म्हणून त्यांनी ठेवलेलं ते नाव. आता मी खांद्यावर चढले तर खांद्याचंच शुद्धिपत्र काढावं लागेल.

इथे चादरींचं बरं चाललं आहे. रोज साडेतीनशे धुऊन येतात, त्यातल्या वीस-पंचवीस फाटक्या निघतात, त्या मी शिवते. नव्या मुख्य परिचारिकाबाई म्हणतात की मी घातलेलं रफू शोधायला भिंग लागतं. माझाही सत्कार झाला म्हण ना.

वाक्यं लोकांना आवडली हे बरं झालं. कुठली घातलीस? तू एकोणीसचा होतास आणि मी चौदाची. परीक्षेची रूपं घोकत तू भांडी घासायचास, मी पुसायची. तुझ्या डोक्यात काही राहायचं नाही, म्हणून मी प्रत्येक रूपाला घरातलं एक वाक्य करून द्यायची. 'भ्राता अपूपं खादति, भगिनी पश्यति.' भाऊ केक खातो, बहीण बघत बसते. ते वर्तमानकाळासाठी होतं, पण भूतकाळातही तितकंच खरं होतं. द्विवचनावरून तर तू भांडलास. एक झाला, अनेक झाले, मध्येच फक्त दोघांसाठी निराळी सोय कशाला, म्हणालास. मी म्हटलं, नळाशी दोघंच उभी असतात ना, त्यांच्यासाठी. 'आवां पात्रे क्षालयावः.' आपण दोघं दोन भांडी धुतो. मग ते तू कधी विसरला नाहीस.

ते सगळं मी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवलं होतं. आईचं एक अंग लुळं पडलं, मी कॉलेज सोडून घरी राहिले, तेव्हा ती वही तुझ्या ट्रंकेतून गेली. जपली असशीलच.

प्रत लवकर पाठव. वहिनीच्या गुडघ्यास आणि तिला वेगवेगळा सलाम सांग. लोभ आहे तिथेच असू दे, फार हलवू नकोस.

तुझी
अनुस्वार


दि. ६ फेब्रुवारी

चि. अनुस्वार हिस,
अ. उ. आ.

उत्तरास विलंब झाला. प्रकाशकाकडील प्रतींचा अनुपलब्धि-प्रसंग आणि टपालखात्याची स्वभावसिद्ध मंदगती यांच्या संयोगामुळे तुझी प्रत अद्यापि मार्गस्थ होऊ शकली नाही. शिवाय जाड कागद आणला तर त्यावर पाण्याचा जग लवंडला. वहिनी म्हणते, जग तिने लवंडला नाही. मीही तिचं नाव घेतलेलं नाही.

गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे उठले, मी बाकावरच बसून राहिलो. सर्दी होती. पाळकसाहेबांनी दारात विचारलं, त्यांनाही सर्दीच सांगितली. ते म्हणाले, आवाजावरून वाटत नाही.

बाबाही असे एकदा तीन रविवार बसून राहिले होते, तू तेव्हा सात-आठ वर्षांची असशील. आई उठायची, आपण दोघं खिडकीच्या रंगीत काचा मोजत असायचो आणि बाबा गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत असायचे. छापखान्यातल्या पुस्तकं बांधणाऱ्याशी त्यांचं वाजलं होतं. सगळ्यांदेखत त्याला कामचुकार म्हणाले होते आणि चूक निघाली होती त्यांचीच. मग एका संध्याकाळी कोट चढवून ते त्याच्या घरी गेले, तासाभराने चहा पिऊन परत आले आणि पुढच्या रविवारी दोघं शेजारीशेजारी उभे राहिले. मला तेव्हा वाटायचं, बाबांचे गुडघे दुखत असावेत.

बाकी ठीक. लोभाबद्दल या खेपेस काही मागत नाही.

तुझा
दादा


दि. १४ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

सर्दीला वाफारा घे. नुसत्या समासांनी ती जायची नाही. लहानपणापासून तुझं एक आहे, खरं बोलताना साधं बोलतोस आणि अडचण आली की संस्कृत होतोस. काच फुटली होती तेव्हा आईला सांगितलंस की वातायनाचा भंग झाला. 'अनुपलब्धि-प्रसंग' वाचून मी चष्मा काढून पुसला.

वहीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

बाबांचं टेबल माझ्याकडे आहे, ठाऊक आहेच तुला. शनिवारी जेवण झालं की मी अजून ते पुसते. समोर कोणी नसतं. चार खुर्च्यांपैकी तीन भिंतीला लावून ठेवल्या आहेत, त्यांच्यावर शिवायच्या चादरी असतात.

लोभ आहे का, हे या वेळी तूच कळव.

तुझी
अनुस्वार


दि. २२ फेब्रुवारी, शनिवार

चि. अनुस्वार हिस,
आशीर्वाद देण्याची आज माझी योग्यता नाही. तेव्हा नुसता सलाम.

टेबल पुसलं आहे.

मुखपृष्ठ, ओळ दुसरी: 'लेखकः' याऐवजी 'लेखकौ' असे वाचावे. खाली दोन नावे.

प्रस्तावना, ओळ चौथी: 'ही वाक्ये मला वर्गात शिकवताना सुचली' याऐवजी 'ही वाक्ये माझ्या धाकट्या बहिणीने वयाच्या चौदाव्या वर्षी भांडी पुसताना रचली' असे वाचावे.

सहा फेब्रुवारीचे पत्र, 'सर्दी' याऐवजी 'लाज' असे वाचावे.

याखाली मी अर्धं पान कारणं लिहिली होती. चांगली होती, दोन तर फारच चांगली होती. फाडून टाकली. एवढंच लिहितो की प्रस्तावना लिहिताना तुझी वही माझ्यासमोर उघडी होती.

मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, घरातल्या घरात कोण बघतं, पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, साहेब, एका विसर्गाचा प्रश्न आहे. त्यांना तो एवढा मोठा वाटला नाही. मग वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मग परीक्षेत लेखकाचं नाव काय लिहायचं. मी म्हटलं, द्विवचनात लिहा. ज्या पोरांनी पुस्तक आधीच घेतलं होतं त्यांनी आपापल्या हाताने दुरुस्ती केली. उरलेल्या तीनशे प्रतींसाठी मी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आणल्या आहेत. खळ तुझ्या वहिनीने करून दिली. काही बोलली नाही, फक्त ढवळत राहिली. हे तिच्यासाठी पुष्कळच झालं.

उद्या बाकावरचा माझा चौथा रविवार. बाबांनी तीनच काढले होते. अर्पण वेदीपाशी ठेव, ऊठ, आधी ज्याचं मन दुखावलंस त्याच्याकडे जा, हा उतारा चर्चमध्ये दरवर्षी मलाच वाचायला देतात, आवाज खणखणीत आहे म्हणून. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं की त्यातली क्रियापदं सगळी आज्ञार्थी आहेत. विकल्प एकालाही नाही.

प्रत, चिठ्ठी आणि तुझी वही सोबत पाठवतो आहे. कागद पातळच आहे, जाड कागद दुकानात पहिल्या दिवसापासून होता. क्षमा मागतो. तू लिहिलंस की मी उठेन. नाही लिहिलंस तर बसून राहीन, आणि तुझी तक्रार करणार नाही.

दादा


दि. २ मार्च, रविवार

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

पुडकं मिळालं. वही मांडीवर घेऊन बसले होते. अकराव्या पानावर अजून साबणाच्या पाण्याचा डाग आहे, तू ओल्या हाताने वही ओढली होतीस त्याचा. अक्षर माझं आहे यावर माझा विश्वास बसेना. किती ठासून लिहायची मी.

आता माझं ऐक. मीही टेबल पुसलं आहे.

एकोणीस जानेवारीचे पत्र, ओळ पहिली: 'फार आनंद झाला' याऐवजी 'फार राग आला' असे वाचावे. त्याच पत्रात: 'कुठली घातलीस?' याऐवजी 'सगळी घातलीस हे मला ठाऊक आहे' असे वाचावे.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी इस्पितळासमोरच्या दुकानातून मी पुस्तक विकत आणलं आणि चादरींच्या ढिगाला टेकून प्रस्तावना वाचली. चौथ्या ओळीशी थांबले. त्या दुपारी शिवलेलं रफू भिंगाशिवाय दिसतं. आणि मग तुला साळसूदपणे विचारलं, कुठली घातलीस. होयला होय आणि नाहीला नाही म्हणावं, असं शिकलेली मी. सापळा त्यात कुठेच बसत नाही.

आणखी एक आहे. चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना, आपणही आपल्या अपराध्यांना क्षमा करतो त्या ओळीशी आले की मी खोकायची. सहा रविवार खोकले. शेजारची बाई इतकी चांगली की पाचव्या रविवारी तिने गोळ्यांची डबीच आणली. म्हणजे तिकडे तू सर्दी धरून बसलेला आणि इकडे मी खोकला. आई असती तर दोघांना एकाच पातेल्यावर वाफारा दिला असता.

आज खोकले नाही. ओळ सगळी म्हटली. शेजारच्या बाईने वळून बघितलं.

आता व्याकरण. तुझी चिठ्ठी मी दोनदा वाचली. दादा, छापखान्याने 'लेखको' छापलं आहे. 'कौ'च्या डोक्यावरची एक मात्रा गळली. खिळे जुळवणाऱ्याचा तू मुलगा, आणि तुझ्या शुद्धिपत्रालाच शुद्धिपत्र लागलं. तुझं लक्ष नसणार, मन लावून पस्तावत होतास ना. आणि नेमकी दुसरीच मात्रा गळावी?

ती असती तरी मला एक बोलायचंच होतं. लेखक आणि लेखिका मिळून झाले लेखकौ. दोघांतला पुरुष तेवढा शिल्लक राहतो, बाईने मुकाट्याने अर्थात समजून राहायचं, आणि या नियमाला तुम्ही एकशेष म्हणता. माफी मागितली तरी शब्द पुरुषाचाच राहावा, अशी व्यवस्था तुझ्या वैयाकरणांनी आधीच करून ठेवली आहे. असू दे. त्या शब्दात मी कुठे आहे ते मला ठाऊक आहे. ओळीच्या वर.

चिठ्ठ्या आता पुन्हा छापू नकोस. शनिवारी दुपारच्या गाडीने मी येते. चादरींवर खुणा करायची पक्क्या शाईची लेखणी आणते, तिची खूण उकळत्या पाण्यातही जात नाही. तीनशे मात्रा आहेत. तू पट्टी धर, मी मात्रा देते. वहिनीला सांग, जेवणं झाली की भांडी तशीच राहू देत. तू घास, मी पुसते.

रविवारी तुझ्या बाकावर मला जागा धर. आणि प्रभुभोजनाला उठताना घाई करू नकोस, माझा हात धरून ऊठ. माझेही गुडघे आता बाबांच्या वळणावर गेले आहेत.

लोभ द्विवचनी असावा.

तुझी
अनुस्वार