बलक्क म्हणजे उजवीकडे

अप्पा, काल सांगोल्याकडचा एक लॉरी ड्रायव्हर पत्ता विचारत विचारत माझ्या घरी आला होता. त्याला आखातात जायचं आहे. दुष्काळ सरला तरी सोलापुरात लॉरीला पुरेसा माल मिळत नाही, म्हणून पुष्कळजण तिकडे निघालेत. "आपलं लायसन तितं चालतंय का ओ?" पायरीवर टेकत त्यानं विचारलं. मी म्हटलं, चालत नाही, तिथली परीक्षा नव्यानं द्यावी लागते. गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवायची, स्टेअरिंग डावीकडे. राहण्याच्या परवान्याला तिकडे इकामा म्हणतात. त्यावर तुझा धंदा 'ड्रायव्हर' लिहिलेला असतो, म्हणजे लायसन नाही मिळालं तर इकामाही जातो आणि इकामा गेला की विमानतळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि उठताना म्हणाला, "मग तुमी सालभरातच का परत आलासा?" मी म्हटलं, हवा मानवली नाही. "आमच्या सांगोल्यापेक्षा वाईट हवा आसंल व्हय?" असं म्हणून तो हसत गेला. घरात, गल्लीत, देवळात मी सगळ्यांना हवेचंच कारण सांगितलं आहे. तुम्हाला मात्र खरं सांगायला बसलोय.

तुम्ही गेलात त्याला एक पिढी उलटली. मी पन्नाशीला आलो, तरी तुमचा आवाज कानातून जात नाही. मी शाळेत मराठी शिकलो, पण लॉरी शिकलो ती तुमच्या कन्नडमध्ये. मंद्रूपचा रस्ता, मी स्टेअरिंगवर, तुम्ही माझ्या डाव्या बाजूला मांडीवर लोखंडी पान्हा घेऊन. डावीकडे घ्यायचं असलं की "एडक्क" म्हणून कान ओढायचात. उजवीकडे घ्यायचं असलं की "बलक्क" म्हणायचात आणि शब्द संपायच्या आत पान्हा माझ्या डाव्या कोपरावर. हात आपोआप वर उसळायचा आणि चाक उजवीकडे फिरायचं. विचार करायला तुम्ही वेळच ठेवला नव्हता. एकदा वळणावर मेंढरं आडवी आली. तुम्ही ओरडलात, मला क्षणभर उशीर झाला आणि एक मेंढरू चाकाखाली गेलं. तुम्ही मला खाली ओढता आणि रस्त्यातच पान्ह्यानं मारायला लागता. कोपरातून काडी मोडल्यासारखा आवाज येतो. धनगर मेलेलं मेंढरू तसंच टाकून धावत येतो आणि तुमचा हात धरतो. "मेंढरू माजं मेलंय आन् मारताय पोराला? सोडा की." तुम्ही म्हणता, "आज मेंढरू हाय. उद्या माणूस आला तर?" त्या रात्री माझा हात फळीला बांधलेला, आणि चुलीपुढं बसून तुम्ही भाकरी दुधात कुस्करून मला भरवत होता.  

त्या हातानं मी पुढं सारा जन्म लॉरी चालवली, माणूस कधी चाकाखाली आला नाही. म्हणून तिकडच्या परीक्षेची मला धास्ती नव्हती. पहिल्या दोन वेळा मी नापास झालो ते रस्त्याची बाजू चुकल्यामुळं. तिसरी शेवटची होती. मालकानं बजावलं होतं, या खेपेला लायसन नाही तर इकामा रद्द. मी पहाटे अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली, विभूती लावली, कुणाला दिसू नये म्हणून पुसली आणि गेलो. परीक्षा घेणारा पोलीस माझ्या उजव्या हाताला बसला. वयस्कर, शांत माणूस. इशाऱ्यानं दाखवायचा, मी चालवत होतो. सगळं नीट चाललं होतं. एका चौकात डावीकडून पाण्याचा टँकर जोरात येताना त्याला दिसला आणि तो ओरडला, "दीर बालक!" त्यांच्या भाषेत याचा अर्थ सांभाळ, लक्ष दे. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला तुमचं बलक्क ऐकू आलं. कोपरावर घाव बसल्यासारखा हात उसळला आणि गाडी सगळ्या वेगानिशी उजवीकडच्या भिंतीवर गेली. त्याच्या बाजूनं. दार आत चेपलं, काच त्याच्या तोंडात शिरली, हात दारात अडकून मोडला. रक्त माझ्या सदऱ्यावर उडालं. 

मी गाडी मुद्दाम भिंतीवर मारली असं सगळ्यांना वाटलं. दोनदा नापास केल्याचा सूड. ठाण्यात त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि रबरी नळीनं पाठ सोलून काढली. खाली पडलो तेव्हा बुटांनी बरगड्या. पट्टा आणि घड्याळाबरोबर गळ्यातलं लिंगही काढून पाकिटात ठेवलं होतं. पूजेशिवाय मी अन्न घेईना, तर तो हट्ट समजून आणखी मारलं. मग केरळकडचा एक दुभाषा आणला. तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हिंदीत म्हणाला, "चाचा, सच बोलो. दायें क्यूँ मारा? कुछ वजह हो तो मैं समझा दूँगा, इकामा बच जाएगा." मी म्हटलं, ब्रेक लागला नाही. त्यांनी ब्रेक तपासला, तो ठणठणीत होता. माझ्या बोलण्यावर मग कुणाचा विश्वास राहिला नाही. मालक आला, माझ्याकडे न बघता सही केली आणि गेला. बेड्या विमानाच्या शिडीशी काढल्या. लिंगाचं पाकीट मात्र एका पोरसवदा शिपायानं दोन्ही हातांनी दिलं.

एक वाक्य पुरलं असतं, अप्पा. आमच्या भाषेत बलक्क म्हणजे उजवीकडे. तो दुभाषा दक्षिणेचा होता, त्याला लगेच पटलं असतं. पण एका शब्दानं एवढा झटका कसा, हे त्यानं विचारलं असतं आणि मला हे वाकडं कोपर दाखवावं लागलं असतं. परमुलखात बापाची अब्रू राखली, असं मी इतके दिवस स्वतःला समजावत आलो. देवापुढंही तेच बोललो. पण ते खरं नाही. पाठीवर नळी पडत होती तेव्हाही मला भीती त्या पोलिसांची नव्हती. वाटत होतं, तुम्ही कोठडीच्या दाराशी उभे आहात आणि मी तुमचं नाव सांगितलं तर आत याल.

हे लिहिलेलं मंद्रूपला नेऊन तुमच्या समाधीवर ठेवावं असा विचार होता. नेणार नाही. अजून तेवढं धाडस नाही.