डबा वाजला की

२९ मार्च, शनि. अमावास्या.
सकाळी साडेसहाला ऑफिसातल्या जुन्या साहेबांच्या फार्महाऊसवर पोचलो. (नजफगढपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो.) तळ्याच्या पायरीवर बसून डब्याचं झाकण तीनदा वाजवलं, दर रविवारी वाजवतो तसं. छोटी मासळी गोळा झाली. कणकेच्या गोळ्या एकेक सोडत होतो, मनात देवाचं नाव चालू. लेकीचं, मुग्धाचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायकोने, सुमनने, सात अमावास्या माशांना कणीक घालायचा नवस बोलला आहे. आजची सहावी. चौथी-पाचवी गोळी असेल. खालून काळं काहीतरी आलं, पाणी फाटलं, हातासमोरची मासळी नाहीशी झाली. बोटांना शेपटी लागून गेली.
मरळ. माझ्या हाताएवढी झाली आहे.
उरलेल्या गोळ्या एकदम टाकून उठलो. घरी सांगितलं नाही.

३० मार्च. पाडवा.
बाल्कनीत गुढी. मुग्धाचा फोन, बाळ लाथा मारतंय म्हणे. सुमनने विचारलं, "काल मासे आले होते ना?" म्हटलं, आले होते. खोटं बोललो नाही. पण...

६ एप्रिल, रवि. रामनवमी.
साहेबांना सांगितलं. हसले. "अरे माने, मला कधीच कळलंय. तुझा डबा वाजला की छोटी येतात, छोट्यांच्या मागे ती येते. मी खिडकीतून बघतो ना दर रविवारी. तूच वाढवलीस तिला." कौतुकाने म्हणाले.
मोठा मासा गळाला लागावा, फोटो काढावा, ही साहेबांची रिटायरमेंटपासूनची इच्छा. तीन वर्षांपूर्वी मीच सुचवलं. गावच्या नदीत पाहिलेलं होतं, खायला भरपूर आणि वाटेकरी कमी असले की मरळ वाढते. बोटाएवढ्या बारा आणून सोडल्या. आता एकच दिसते. बाकीच्या कुठे गेल्या हे विचारावं लागत नाही. साहेब दर महिन्याला छोटी मासळी आणून सोडतात, तीही तिच्यासाठीच. मला हे सगळं माहीत होतं. तरी नवस फेडायला त्याच तळ्यावर बसलो.

१३ एप्रिल, रवि.
डबा नेला नाही. नुसता पायरीवर बसलो. तरी छोटी मासळी आली. तोंडं वर, उघडमीट. उठून गेलो.
गावी आई पंगतीतला शेवटचा माणूस हात धुऊन येईपर्यंत जेवत नसे. बोलावलेल्याची काळजी बोलावणाऱ्याने घ्यायची.
मरळीचा राग येत नाही. तिने काय करावं? तिला कणीक चालत नाही.

२० एप्रिल, रवि.
पुढच्या रविवारी साहेबांचे थोरले भाऊ येणार, पुण्याचे अण्णा. घरच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलंय, "तळ्यात मासा आहे की नुसते डास?" साहेबांनी दोनदा वाचून दाखवलं. नवा गळ आणलाय. "तू फक्त डबा वाजव, बाकी मी बघतो. फोटो काढून सोडून देऊ तिला, बिल्कुल."
पुढचा रविवार म्हणजे अमावास्या. सातवी.
नाही म्हणता आलं नाही. दिल्लीतल्या पहिल्या वर्षी तापाने पडलो तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेणारा हा माणूस. रात्रभर बाकावर बसून होते.

२४ एप्रिल, गुरु.
सुमनला सगळं सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी मोडून पुन्हा घातली. मग, "अहो, मग सातवी यमुनेवर करू." म्हटलं, करू, पण त्या मासळीचं काय? झाकण वाजलं की येणारच ती.
"सवय तुम्ही लावलीत, मोडा पण तुम्हीच. आणि मुग्धाला यातलं अक्षर कळता कामा नये."
ती आत गेल्यावर पाहिलं, तीच साडी तिसऱ्यांदा घडी घातलेली.

२७ एप्रिल, रवि. अमावास्या.
यमुनेवर गेलो नाही. साहेबांकडेच गेलो, लवकर. झाकण वाजवलं नाही. तळ्याला फेरी घालत कणीक चिमटी-चिमटीने सगळीकडे टाकली, पायरी सोडून. मासळी कुठे एक, कुठे दोन, अशी वर आली. नवस पुरा झाला की नाही, त्यालाच ठाऊक.
नऊला साहेब गळ घेऊन आले, मागे अण्णा खुर्ची घेऊन. साहेब म्हणाले, "हं, वाजव."
"नाही साहेब."
अण्णा म्हणाले, "काय हो माने, मासा संपावर का?"
म्हटलं, जेवायला बोलावून मी त्यांना...
साहेबांनी गळ खाली ठेवला. "तीन वर्षं वाट बघितली, माने."
"हो साहेब."
"डबा काय, माझ्याकडेही आहे," म्हणाले आणि आत गेले. मी माझा पिशवीत घातला, अण्णांच्या चपलांकडे बघून नमस्कार केला, निघालो.
फाटकापर्यंत हळू चाललो. तोवर काही वाजलं नाही. पुढे मोठा रस्ता लागतो, तिथे मागचं काही ऐकू येत नाही.