आगीत उतरलेल्यांची यादी

३ सप्टेंबर, मंगळवार

माझंच नाव का?

सकाळी पत्र आलं. अग्निशमन दलातल्या निवृत्तांची पेन्शन वाढवायची आहे. त्यासाठी पाच जणांची समिती, आणि तिच्यात निवृत्तांच्या बाजूने मी. एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये फोन उचलले. ‘पत्ता सांगा, जवळची खूण सांगा’ याच्यापलीकडे कोणाला काही विचारलं नाही. आता म्हणे मी ठरवायचं कोणाला किती.

संघटनेच्या सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, “जवान आणि ड्रायव्हर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हॅलोबाई दोघांनाही चालते.” म्हणजे ते नाव अजून जिवंत आहे.

खाली दादाकडे गेले. दादा दलातलाच, जवान. धुराने छातीचं वाटोळं झालंय, दोन जिने चढायचे तर मधे बसावं लागतं. “बरं झालं,” म्हणाला. वहिनी नुसती हसली.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली बैठक. लांबट खोली, टेबलाचा एक पाय आखूड, खाली घडी केलेला कागद. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. कमी बोलतात, आणि बोलल्या की सगळे पेन खाली ठेवतात.

हिशेब खात्याचे साहेब म्हणाले, “कापड एवढंच आहे. सदरे किती शिवायचे ते तुम्ही ठरवा.”

दोन मार्ग आहेत. सगळ्यांना सारखी वाढ – जवान, ड्रायव्हर, आम्ही फोनवाले, स्टोअरवाले. मग प्रत्येकाच्या वाट्याला चार टक्के. किंवा फक्त आगीत उतरणाऱ्यांना – त्यांना नऊ, बाकीच्यांना शून्य.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, “न्याय्य काय, तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कुठून आणायचा?

६ सप्टेंबर

दादाचं मत तयारच होतं. “आगीत उतरला त्याला द्या. यात ठरवायचं काय आहे?”

मी म्हटलं, ड्रायव्हर? फोनवाले?

“तू आगीत कधी गेलीस?”

वाईट हेतूने नाही म्हणाला. पण म्हणाला. वहिनीने डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, “नऊ टक्के मिळाले तर त्यांच्या औषधांचं तेवढं सुटेल ग.”

तिचं काय चुकलं? काहीच नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

ठरवलं, घरी बसून डोकं शिणवण्यापेक्षा माणसांना भेटावं. आज शिडीकडे, दादाच्या बरोबरचा जवान. उंचीमुळे हे नाव पडलं, आता मात्र गुडघ्यांत वाकलाय. वाटलं होतं, तोही दादासारखंच बोलेल.

बायको आत गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, “हॅलोबाई, खरं सांगू? बावीस वर्षांत मी आत गेलो असेन चारदा. बाकी वेळी नळी धरून दारात उभा. पाय पुढे पडायचेच नाहीत.”

“कोणाला कळलं नाही?”

“सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. तुझ्या दादाने तर माझी पाळी कितीदा स्वतःवर घेतली.”

मग म्हणाला, मला वाढ मिळाली तर मी नको म्हणणार नाही, हेही लिहून ठेव. लिहिलं.

११ सप्टेंबर

ड्रायव्हरमामांकडे. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी. एकदा सगळे जवान इमारतीच्या मागच्या बाजूला होते आणि पुढच्या खिडकीत एक बाई ओरडत होती. मामा बंब सोडून आत गेले. बाईला घेऊन आले.

“मग?” मी विचारलं.

“मग मेमो मिळाला. बंब सोडून गेलो म्हणून.”

हसत होते. मला हसू येईना.

तर आगीत उतरणाऱ्यांच्या यादीत शिडी बसतो आणि मामा बसत नाहीत. हे माझ्या डोक्यात शिरत नाही – किंवा शिरतं, पण पुढे काय करायचं ते कळत नाही.

१२ सप्टेंबर

झोप उडाली होती म्हणून पहाटेच उठून लिहितेय.

नोकरीत असताना एकदा एका मुलीचा फोन आला होता, घराला आग लागलेली. सात-आठ वर्षांची असेल. कपाटात लपून कुजबुजत बोलत होती. स्टेशनला वर्दी दिली, बंब निघाला. तोवर मी तिच्याशी बोलत राहिले. शाळेचं नाव विचारलं, बाईंचं नाव विचारलं. ती सांगत होती. अकरा मिनिटं. मग सांगायची थांबली.

फोन ठेवला आणि पुढचा उचलला. उचलावाच लागतो.

आगीत मी गेले नाही, हे खरं. पण माझ्या कानात किती माणसं गेली, हे कुठल्या कागदावर आहे?

आता वाचून पाहिलं आणि शंका आली. हे मी त्या मुलीसाठी लिहिलं, की चार टक्क्यांसाठी?

१६ सप्टेंबर, सोमवार

दुसरी बैठक. मी विचारलं, आगीत उतरणारा कोण हे कसं ओळखणार?

हिशेबाचे साहेब: “निवृत्तीच्या दिवशी कागदावर जे पद असेल ते. जवान असेल तर जवान. घरोघर जाऊन कोण आत गेलं होतं ते विचारत बसता येणार नाही.”

मी शिडीचं नाव न घेता शिडीचं सांगितलं. मामांचं नाव घेऊन सांगितलं. अध्यक्षबाईंनी सगळं ऐकलं. “प्रत्येक नियमात कोणीतरी चुकीच्या बाजूला पडतो,” म्हणाल्या. “कोण पडलेला आपल्याला चालेल, एवढंच आपण ठरवतो.”

मला कोणीच पडलेलं चालत नाही. असं मत देता येत नाही.

शुक्रवारी मतदान.

१७ सप्टेंबर

दादाला कागदाच्या नियमाचं सांगितलं. औषधाची बाटली उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाला, “बरोबर आहे. कुठेतरी रेघ मारायलाच हवी.”

“आणि मामा?”

“मामांचं वाईट वाटतं. पण जे रोज आत गेले त्यांना सारख्याच मापाने मोजायचं? अर्धे तर आता खुर्चीतून उठत नाहीत.”

दुपारी जेवताना वाटत होतं, सारखीच वाढ बरोबर. भांडी घासेपर्यंत दादाचं पटलं. कपडे वाळत घालताना पुन्हा उलट.

१९ सप्टेंबर

सेक्रेटरींचा फोन. “लोक म्हणतायत, हॅलोबाई स्वतःच्या ताटात वाढून घेणार.”

कोण लोक ते सांगितलं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दोन विरुद्ध दोन. सगळे माझ्याकडे बघत होते. टेबल डुगडुगत होतं.

आगीत उतरणाऱ्यांच्या बाजूने हात वर केला.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “खात्री आहे?”

हो म्हटलं. नव्हती. खोकणारा दादा डोळ्यांपुढे होता, आणि ते ताटाचं बोलणं कानात. यातलं कशामुळे हात वर गेला, देव जाणे. एवढंच कळत होतं की यात माझा फायदा नाही, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. ही काय न्याय करायची रीत झाली?

खाली जाऊन सांगितलं. दादाने डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. वहिनीने डोळे पुसले.

मामांना फोन करायचा होता. केला नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

यादी लागली. शिडीचं नाव आहे. दादाचं नाही.

शेवटची सहा वर्षं छाती साथ देईना म्हणून त्याला स्टोअरच्या किल्ल्या दिल्या होत्या. निवृत्तीच्या कागदावर ‘भांडार कारकून’. मला माहीत होतं. साऱ्या जगाची पदं विचारत फिरले, याचं तपासावं असं मनातसुद्धा आलं नाही.

कसंबसं खाली जाऊन सांगितलं. दादा म्हणाला, “ठाऊक आहे. माझ्या कागदावर काय लिहिलंय ते मला कळत नाही होय?”

“मग एवढा भांडत का होतास?”

“मी कुठे माझ्यासाठी मागत होतो?”

वहिनी दारात उभी होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं.