लीलाची धडधड

३ जुलै १९७८
आले एकदाची! बोरीपासून पुढं बैलगाडी. सहाव्या महिन्यात असा प्रवास करू नये, हे मी येणाऱ्या प्रत्येक पोटुशीला बजावत असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक खाट आणि दारात कडुलिंब. आधीच्या नर्सबाई, कमलबाई, बाळंतपणात गेल्या म्हणून ही जागा रिकामी झाली. वाईट वाटलं, पण खोली मला आवडली. माझे यजमान अप्पाराव राणीसावरगावच्या शाळेत मास्तर. त्यांची बदली इकडं होईपर्यंत मी एकटी. एकटी कसली, पोटातला लबाड दिवसभर लाथा मारतो. गावची सुईण सरजाबाई भाकरी-ठेचा देऊन गेली. जाताना तिनं दोनदा विचारलं, बाई, तुमी बी पोटुशा हाव का.

८ जुलै
आज गावातल्या माणिकरावांची सून लीला आली. आठवा महिना. बसल्या जागी एकाएकी छाती धडधडायला लागते, अर्ध्या तासानं आपोआप थांबते. सासू पार्वतीबाई म्हणतात, बाहेरचं हाय. मी घड्याळ लावून नाडी धरली. मिनिटाला एकशे नव्वद! तिला श्वास कोंडून खाली जोर द्यायला लावलं, तोंडावर गार पाण्याचा टॉवेल दाबला. तिसऱ्या वेळी ठोके झटकन ताळ्यावर आले. मी तर लढाई जिंकल्यासारखी हसले. लीला मात्र माझ्या पोटाकडं बघत होती.

११ जुलै
लीलाला परभणीला नेलं. डॉक्टर गोविंदरावांनी ठोक्यांचा आलेख काढला. हृदयात विजेला एक जादा वाट आहे, म्हणाले. गोळी रोज घ्यायची, पोटुशी आहे म्हणून बंद करायची नाही. बाळंतपण घरी नको, कारण कळांच्या ताणात ठोके सुटले तर आईचा रक्तदाब कोसळतो आणि बाळाला रक्त पोचत नाही. पण नीट सांभाळलं तर दोघं सुखरूप राहतात. हे सगळं मी पार्वतीबाईंना तीनदा समजावलं. त्यांनी तीनदा मान हलवली.

१९ जुलै
गोळ्या उकिरड्यावर सापडल्या. गोळी लय गरम, पोरगं भाजंल, असं पार्वतीबाईंचं उत्तर. मी तोंडाला येईल ते बोलले. मला राग आवरत नाही, हे काही आजचं नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, शुक्रवारी या, लीला तुमची ओटी भरंल, पोटुशीनं पोटुशीची भरली की लय चांगलं असतं. ओटीला नाही म्हणू नये. मी हो म्हणाले.

२१ जुलै
ओटी झाली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. एक गोष्ट खटकली. नारळ माझ्या पदरात घालायच्या आधी लीलानं तो छातीशी धरला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. तिचे ठोके सुटले, गळ्याची शीर उडताना मला दिसली, तेव्हा कुठं तिनं नारळ दिला. त्याच क्षणी सगळ्या बायकांनी तोंडं भिंतीकडं फिरवली. इकडची रीत असेल. लीला रडत होती. सरजाबाई उंबऱ्याच्या आत आलीच नाही.

२४ जुलै
लीलाची नाडी अठ्ठ्याहत्तर. तीन दिवसांत एकदाही त्रास नाही. दुपारी रजिस्टर लिहिताना माझीच छाती एकाएकी सुटली. मोजले. एकशे नव्वद.

२६ जुलै
आज तीनदा. सरजाबाईला खोदून विचारलं. तिनं सांगितलं: गावात ही धडधड एकच हाय. पोटुशीकडून पोटुशीकडं ओटीतून जाती. माणिकरावांच्या थोरल्या सुनेनं ती कमलबाईंना दिली. कमलबाई गेल्या, तशी ती मागं फिरली आणि त्याच घरात लीलाला धरलं. मी हसले. मी नर्स आहे. माझ्या हृदयातही जादा वाट असेल, थकव्यानं उघडी पडली असेल. शनिवारी परभणीला जाऊन आलेख काढते.

२९ जुलै
विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एस.टी. बंद, वाटेतली मोरी फोडलेली, गाडीवाला यायला तयार नाही. काल इथली खालची वस्ती जाळली. जाळणारे परके नव्हते, याच गावातले, माझ्याकडून खोकल्याचं औषध नेणारे. लाज वाटते. तिथल्या कडूबाईचं घर गेलं, नवरा भावकीला घेऊन शिवारात लपलाय, तिचा आठवा महिना. तिला दुसरी खोली दिली. परभणी राहिली.

३१ जुलै
तासभर धडधड थांबेना. डोळ्यांपुढं अंधार. कडूबाईनं माझं डोकं धरून गार पाण्याच्या बादलीत बुडवलं, तेव्हा थांबली. आता नाडी तीच धरते. तिला विसाच्या पुढं मोजता येत नाही, म्हणून दर विसाला एक बोट मिटते. लय भिऊ नका, मी हाय, म्हणते.
लीला घरीच बाळंत झाली. दोघं सुखरूप.

२ ऑगस्ट
स्टेथोस्कोप पोटाला लावला. बाळाचे ठोके एकशे चाळीस असायचे, आज शंभरही नाहीत. पार्वतीबाई ताट घेऊन आल्या. तांदूळ, नारळ, खण. हळूच म्हणाल्या, तुमच्या खोलीतच हाय की एक, तिची कोण इचारपूस करायलंय. मी त्यांना हाकलून दिलं. ताट टेबलावरच राहिलं. मी ते उचलून का फेकलं नाही?

३ ऑगस्ट
सकाळपासून बाळाची हालचाल नाही — पाणी, श्वास, पुन्हा पाणी — धडधड थांबत नाही. कडूबाई बोटं मिटते आहे. दहाही संपली.

४ ऑगस्ट, सकाळी
दोनदा हलला. अगदी हळू.
झाडताना कडूबाईनं ताट पाहिलं. कुणाचं, म्हणाली. तुझं, असं माझ्या तोंडून गेलं. का गेलं — मला परत घेता आलं असतं. ती केवढी हसली! वरच्या आळीच्या कुणी आमची ओटी भरली न्हाई, म्हणाली, आणि केस विंचरायला गेली.
आता समोर बसली आहे. पदर पसरून. मी लिहिते आहे तोवर काही करावं लागत नाही, म्हणून लिहिते आहे. डावा हात नारळावर. ठोके सुटले आहेत. विचारते, बाई, आदी पाणी आणू का, तुमचं लय सुटलंय.
नको म्हणाले.
नारळ छातीशी — कडूबाई, उठ, असं एकदा तरी म्हणायला हवं — पोटात पुन्हा हलतोय, आणि मी —