पोह्याच्या ठेल्यावरची तिसरी सकाळ

प्रिय बापूकाका,

उद्या संध्याकाळी आपल्या मंडळाच्या गणपतीत तुझा बंडू बोका पडद्यावर येतोय, म्हणून हे पत्र. तू असतास तर पत्र कशाला लिहिलं असतं? खालच्या खोलीत येऊन सरळ भांडले असते. पण काल दुपारी घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला उद्याच्या कार्यक्रमाला जाता येणार नाही.

तू पहिल्यांदा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलास तो दिवस आठवतो? मी कॉलेजात होते, लॅपटॉपवर जपानी ॲनिमे बघत होते. तू ऑफिसातून आलेला, हातात शेवेची पुडी. म्हणालास, "यांचे डोळे एवढे मोठे का गं? थायरॉइड आहे का सगळ्यांना?" मी म्हटलं, गप बस ना काका. तू खरंच बसलास! शेव संपली, भाग संपला, आणि तू म्हणालास, "लाव ना अगला." पन्नाशी ओलांडलेला दीर शाळकरी मुलींची कार्टूनं बघतोय हे पाहून आईने कपाळाला हात लावला होता.

त्या मालिकेत सगळं गुलाबी होतं. रिबिनी, डबे, सहलीला कोण काय आणणार याच्या गप्पा. आणि मग एका भागात, सहलीच्या गप्पा चालू असतानाच, त्यातली एक मुलगी गेली. कायमची. मी घळाघळा रडले. तू रडला नाहीस. "मागे घे," म्हणालास, "एकदम सुरुवातीला घे." मग तू त्या डब्यांच्या गप्पा पुन्हा पहिल्यापासून बघितल्यास, आणि मांडीवर थाप मारलीस. "बदमाश लोक आहेत यार! आपल्याला इथेच पकडलं होतं."

मला तेव्हा वाटायचं, अशा गोष्टींची सगळी करामत धक्क्यात असते. गोड दिसणारी गोष्ट अचानक उलटली की झालं! तुला ते मान्य नव्हतं. मंडळात मुलांची नाटकं बसवण्यात तुझा निम्मा जन्म गेला होता, त्यामुळे प्रेक्षकाचं मन कुठे बसतं आणि कुठून उठतं ते तुला माझ्याआधी कळायचं. एकदा मी मोठ्या कौतुकाने एक मालिका लावली. पहिल्याच मिनिटाला रक्त, किंकाळ्या, वीज. तू जांभई दिलीस. "ये क्या बात हुई? दारातच ढकलून दिलं. अरे, घरात तर येऊ दे, पाणी तर पिऊ दे! भरोसा कमवल्याशिवाय धोका देता येत नाही बेटा."

आणि तुझी ती पंगत! कुठल्याही गोष्टीची गती तू पंगतीवरच शिकवायचास. आधी मीठ, लिंबू, मग चटणी, कोशिंबीर, विडा सगळ्यात शेवटी. "विडा आधीच हातात दिलास तर पाहुणा उठणारच ना? मग गोड कोण खाईल?" मी हसायचे. माझी नोकरी लहान मुलांच्या ॲनिमेशनची, तिथे दर काही सेकंदांनी काहीतरी आदळलं पाहिजे असा नियम. तुझी पंगत तिथे कुठे चालणार होती?

म्हणूनच आपण दोघांनी घरी बंडूची फिल्म करायला घेतली. गोष्ट तुझी, चित्रं माझी, बोक्याचा आवाज तुझा. परवा मंडळाच्या कुलकर्णी काकूंना गोष्ट थोडक्यात सांगावी लागली. कशी सांगितली ते ऐक, चुकलं असेल तर स्वप्नात येऊन ओरड.

बंडू बोका एका छोट्या गावात पोह्याचा ठेला लावतो. पहिल्या सकाळी "या भिया, गरमागरम!" म्हणत सगळ्यांना भाऊ करून पोहे देतो. पोस्टमन बदक येतं, बकरीबाई येतात. पण ताटल्या भरलेल्याच परत येतात. बंडूला वाटतं, मीठ कमी पडलं. ठेला बंद करताना म्हणतो, "चला भिया, उद्या या, ताजे देतो." दुसऱ्या सकाळी तो मीठ वाढवतो, शेव वाढवतो, वरून जिरावन मसाला भुरभुरवतो. ताटल्या पुन्हा भरलेल्या, बंद करताना पुन्हा तेच वाक्य. बघणारी पोरं हसतात. तिसऱ्या सकाळी सगळं तसंच. तीच हाक, तेच बदक. फक्त ताटल्या धुताना बंडूच्या कानाजवळून एक मासा जातो. चित्र हळूहळू वर सरकतं, आणि आपल्याला दिसतं की गाव कधीचंच धरणाच्या पाण्याखाली गेलंय. गिऱ्हाइकं नाहीत, बंडूही नाही. तिथे फक्त रोजची सकाळ उरली आहे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बहुत बढ़िया. पण मनू बेटा, तिसरी सकाळ काढून टाक ना. मतलब वही वही तर आहे. बच्चे बोर होतात. दुसऱ्यातच मासा दाखव, काम खत्म." मी विचार करते म्हटलं. खरं सांगू? मला पटलंही होतं थोडं.

कारण माझ्यापुढे त्याहून मोठी अडचण होती, आणि ती तू करून ठेवली होतीस. शेवटी ठेला बंद करताना बंडू जे बोलतो ते वाक्य तू रेकॉर्डच केलं नाहीस! कितीदा मागे लागले होते मी. दर वेळी तुझं एकच, "वो तो है ना आपल्याकडे." कुठे आहे? सगळ्या फायली पालथ्या घातल्या, नाही सापडलं. असं अर्धवट टाकून जातात का रे? काकू म्हणाल्या, माझा जावई बोलेल ना, आवाज एकदम सेम आहे. त्यांच्या जावयाचा आवाज मी ऐकलाय. बोका काय, तो म्हशीलाही शोभणार नाही.

आता कालची गोष्ट. तू गेल्यावर पहिल्यांदाच मी आईला बंडू दाखवला. ती गणपतीसाठी दूर्वा निवडून जुड्या बांधत होती, मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. दुसरी सकाळ सुरू व्हायच्या आतच तिने हात थांबवला. "हे काय गं? तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखं का वाटतंय पहिल्यापासून? बोका बिचारा मस्ती करतोय, आणि बाकी सगळं रडतंय. भावोजी असे होते का?"

मी परत बघितलं. आई बरोबर होती. तुझा आवाज कानात पडला की माझा हात आपोआप रंग उतरवत होता. पहिल्या सकाळचं आकाश मी राखाडी केलं होतं, बोक्याची चाल संथ केली होती, आणि सगळ्याखाली बासरी सोडली होती. ती रडकी बासरी, जी तू हयात असतास तर पट्टीने मारली असतीस. लोकांच्या हातात मी आधीच विडा देऊन ठेवला होता.

काका, तू गेलास ती सकाळ कशी होती? रविवार होता. तू कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणलीस, जिरावन कमी टाकलं म्हणून ठेलेवाल्याला नावं ठेवलीस, दुसऱ्यांदा पोहे वाढून घेतलेस आणि "पाच मिनट पडतो" म्हणून आत गेलास. खिडकीत छान ऊन होतं. शेजारी कुकरची शिट्टी झाली. बासरी कुठेच वाजली नाही. वाजली असती तर मी तुला आत जाऊ दिलं असतं का?

मी तिथेच बसून सगळं काढून टाकलं. बासरी गेली, आकाश पुन्हा निळं झालं, बोक्याची चाल तू सांगितली होतीस तशी ठुमकत ठेवली. आणि पहिल्यापासून परत लावलं. आई या वेळी हसली, जुड्या बांधता बांधता हसली. दुसऱ्या सकाळी तर बोक्याला म्हणाली, "अरे, लिंबू पीळ ना थोडं." तिसऱ्या सकाळी मासा आला, पाणी आलं, गावाची छपरं दिसली. आई पडद्याकडे वाकली. बंडूने ठेल्यावर फडकं टाकलं, त्याचे ओठ हलले, आवाज नव्हता. आणि त्या शांततेत आई आपल्याच नादात पुटपुटली, "चला भिया, उद्या या, ताजे देतो."

तुझ्याच चालीत, काका. दोन सकाळी ऐकून तिला ते पाठ झालं होतं.

मी पहिल्या सकाळचं तुझं वाक्य उचललं आणि तिथे ठेवलं. तेच रेकॉर्डिंग, तोच हसरा आवाज, मागे तुझ्या चमच्याची खणखणसुद्धा. ओठ जुळले. काही बदललं नाही, तरी मला ते ऐकवेना. आईने दूर्वांची जुडी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

म्हणजे ते खरंच होतं आपल्याकडे! तू आळशी होतास की हुशार, आता कोणाला विचारू? एकदा नीट सांगून टाकायला काय झालं होतं तुला? मी उगाच इतके दिवस तुझ्यावर चिडून होते.

आज सकाळी कुलकर्णी काकूंना फोन केला. म्हटलं, तिसरी सकाळ राहणार. मुलांना कंटाळा आला तर येऊ दे थोडा, त्या कंटाळ्यातच वाक्य पाठ होतं. त्या म्हणाल्या, "बापूजी भी ऐसेच जिद्दी थे." जावयाला मी नम्रपणे नाही म्हटलं.

तर काका, हे माझं वचन. उद्या मी पहिल्या रांगेत आईशेजारी बसेन. बंडूने पहिली ताटली पुढे केली की सगळ्यांत मोठ्याने मी हसेन, अगदी खरं हसेन. मला शेवट माहीत आहे हे शेजारच्या पोरांना माझ्या तोंडाकडे बघून कळणार नाही. आणि यापुढे जी गोष्ट करीन तिच्यात पाहुण्याला आधी मीठ वाढीन.

चल, आता भांडण संपलं. उद्या ये.

तुझी,
मनू