फॉर्मातली शेवटची ओळ

घाटंजी, रविवार

प्रिय गिरजामावशी,

हे पत्र तुह्या हातात देण्याची हिंमत होणार नाही, तरी लिहून राह्यली.

मले फेलोशिप मिळाली, हे आईनं तुले सांगितलंच. पुण्याच्या प्रयोगशाळेत सिकलसेलवर, म्हणजे तुह्याच आजारावर, पाच वर्षं काम करायचं आहे.

फॉर्मात विचारलं होतं, याच विषयाकडे काहून वळलात? मी तुह्याबद्दल लिहिलं. थंडीत तुहे सांधे ठणकतात, तरी तू गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन लोकांचे ब्लाऊज शिवत बसते, हे लिहिलं. मग वाटलं, एवढ्यानं काय होते? दुखणाऱ्या मावश्या सगळ्यांच्याच असतात. म्हणून शेवटी एक ओळ जोडली, 'मी बारावीत असताना मावशी गेली.' ही ओळ आईलेही माहीत नाही.

मुलाखतीत एका मॅडमनं हळूच विचारलं, "शेवटचं काय बोलल्या त्या?" मले खरंच रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मग कोणी काहीच विचारलं नाही.

काल तुहा फोन आला. "माह्यावर लिहिलं म्हणे तू! झेरॉक्स घेऊन ये. फ्रेम करून मशीनच्या वर लावतो."

बुधवारी येतो मी. तुले इंग्रजी येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवीन अन् ती ओळ गाळीन. पण मावशी, तुह्याकडे माप द्यायले कॉलेजच्या पोरी येतात. त्यायले इंग्रजी येते.

तुहीच,
प्रेरणा